नॉरिस बीव्हरला उरलेला शब्द

नॉरिस बीव्हर माझा शेजारी. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि ती इतकी पातळ की त्याने रेडिओ लावला की मला माझा लावायची गरज पडत नसे. बत्तीस वर्षं आम्ही असे राहिलो. तो न्हावी होता. इंग्लंडातल्या आमच्या गूल गावात गोदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं दोन खुर्च्यांचं दुकान होतं आणि मी त्याच गोदीत क्रेन चालवायचो. दर तिसऱ्या शनिवारी मी त्याच्या खुर्चीत बसायचो. माझ्या डोक्यावर केस होते तेव्हाही, आणि नंतर फारसे उरले नाहीत तेव्हाही.

त्याचा हात जितका चालायचा त्याच्या दुप्पट जीभ चालायची. गोदीत कुठलं जहाज लागलं, कुणाच्या मुलीचं कुणाशी फिसकटलं, रग्बीत हल शहराच्या पोरांनी परत कशी माती खाल्ली, सगळं त्याच्याकडे ताजं मिळायचं. पण या सगळ्या बडबडीत त्याचा एक शब्द ठरलेला होता. राइट. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की पांढरं कापड झटकून तो म्हणायचा, "राइट!" म्हणजे, चला, लागू या कामाला. कापून झालं की मानेमागे आरसा धरून, "राइट?" म्हणजे, जमलंय ना? आणि एखादा कुरकुरला, कानावर फार उडवलेत म्हणाला, तर खालच्या पट्टीत, लांबवलेलं "राऽइट". त्याचा अर्थ, ऐकलं तुझं, आता ऊठ.

आमच्याकडे सगळेच हा शब्द असा वापरतात. शाळेत शिकवतात की त्याचा अर्थ बरोबर, किंवा उजवा, किंवा हक्क. पण रोजच्या बोलण्यात तो या तिन्ही अर्थांच्या बाहेरच जास्त हिंडतो. कुणाच्या घरी चहाला गेलं की निघताना गुडघ्यांवर हात आपटून आधी "राइट" म्हणायचं, आणि मग आणखी वीस मिनिटं बसायचं. नॉरिसची बायको एनिड म्हणायची, "तीन राइट झाल्याशिवाय हे गृहस्थ कुणाच्या खुर्चीतून उठत नाहीत." पुढचं सगळं घडलं तेव्हा एनिडला जाऊन सहा वर्षं झाली होती. मुलगी रोझलिन तिकडे दक्षिणेच्या टोकाला, प्लिमथला, शाळेत नोकरी करायची. नॉरिसने दुकान बंद केलं होतं, तरी आम्हा चार-पाच म्हाताऱ्यांचे केस तो स्वयंपाकघरात कापायचा.

मार्च महिन्यातली गोष्ट. सकाळचे साडेनऊ झाले होते, आणि त्याच्या दाराशी दुधाची बाटली अजून तशीच होती. मी मागच्या दाराने आत गेलो. नॉरिस स्वयंपाकघरात जमिनीवर बसला होता, पाठ कपाटाला टेकलेली. भांड्यातलं पाणी आटून अंडं करपत होतं. मी आधी गॅस बंद केला.

"अरे नॉरिस, पडलास की काय?"

"राइट," तो म्हणाला. "राइट, राइट, राइट."

मला वाटलं, 'ऑल राइट' म्हणतोय. ठीक आहे, काही झालं नाही. मी त्याला काखेत धरून उठवलं. तो फार जड लागला. खुर्चीत बसवलं आणि किटली ठेवली. हो, चहा ठेवला मी. आमच्याकडे माणूस पडला की आधी चहा. मी त्याला चिडवलंसुद्धा, "काय रे, सकाळी सकाळी बाटली उघडलीस का?" तो माझ्याकडे बघत राहिला आणि परत म्हणाला, "राइट."

कप मी त्याच्या हातात दिला तो सरळ खाली गेला. उजव्या हाताने तो धरलाच नाही. मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. एक बाजू ओघळल्यासारखी झाली होती. रुग्णवाहिका बोलावली तेव्हा घड्याळात दहाला दोन मिनिटं कमी होती. म्हणजे जवळजवळ अर्धा तास मी त्या माणसाला चहा पाजत होतो. डॉक्टर नंतर म्हणाले, मेंदूतली रक्ताची गाठ मोठी होती, त्या अर्ध्या तासाने फारसा फरक पडला नसता. खरं असेल. डॉक्टरांना असं बोलावंही लागतं.

त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. राहिला तो एवढा एकच शब्द.

रुग्णालयात कर्स्टी नावाची मुलगी त्याला बोलायला शिकवायला यायची. असेल सव्वीस-सत्तावीसची. ती चित्रं दाखवायची. कप, कुत्रा, किल्ली, कंगवा. नॉरिस चित्राकडे बघायचा, ओठ जुळवायचा, कपाळावर घाम यायचा, आणि तोंडातून बाहेर पडायचं, "राइट." स्वतःच ऐकून मान हलवायचा. पुन्हा प्रयत्न. पुन्हा तेच. कंगव्याच्या चित्रावर तर त्याने डाव्या हाताचं बोट इतकं दाबलं की कागद फाटला.

मी तिला बाहेर गाठून विचारलं, "कळतंय ना त्याला?"

"बरंच कळतं," ती म्हणाली. "पण सगळं नाही, आणि कायम नाही. लांब वाक्य झालं की धागा सुटतो. आणि तो शब्द आहे ना, तो ते निवडून बोलत नाहीत. उचकी कशी लागते, तसा तो येतो. हो म्हणायचं असेल तरी राइट, नाही म्हणायचं असेल तरी राइट."

"म्हणजे त्याच्या राइटचा अर्थ काहीच नाही?"

"शब्दाचा नाही. आवाजाचा असू शकतो. तुम्ही त्यांना किती वर्षं ओळखता?"

"बत्तीस."

"मग तुम्हालाच जास्त कळेल."

हे वाक्य मी फार मनावर घेतलं. तेवढं घ्यायला नको होतं.

रोझलिन तीन आठवडे राहिली. बापाला घरी आणलं, पलंग खालच्या खोलीत लावला, संडासात दांड्या बसवल्या. तिचा नवरा तिकडे पाठीच्या दुखण्याने अंथरुणाला खिळलेला. जाताना माझ्या दाराशी उभी राहून रडली.

"ऑस्टिन काका, मी काय करू सांगा. तिकडे एक माणूस पडलाय, इकडे एक."

"तू जा पोरी. सकाळ-संध्याकाळ बाई येणार आहे. दुपारी मी आहे. मला तरी कुठे काय काम आहे?"

तर एप्रिलपासून दुपारी मी. बारा वाजता मी कुस्करलेले बटाटे किंवा सूप घेऊन जायचो, त्याच्या डाव्या हातात चमचा द्यायचो आणि आम्ही खिडकीशी बसायचो. हळूहळू मला त्याचे राइट वेगळे ओळखू यायला लागले. चढा, तुटक राइट म्हणजे लघवीला जायचंय. नाकातून काढलेला म्हणजे तो टीव्हीवरचा माणूस मूर्ख आहे. आणि एक अगदी हळू, श्वासासारखा, तो एनिडच्या फोटोकडे बघताना. मला अभिमान वाटायला लागला, खोटं कशाला बोलू. गल्लीतले लोक विचारायचे, "काय म्हणतोय नॉरिस?" आणि मी दुभाष्यासारखा सांगायचो.

आम्ही अंगठ्याचीही खूण ठरवली. डावा अंगठा वर म्हणजे हो, खाली म्हणजे नाही. चारातल्या तीन वेळा जमायचं. चौथ्या वेळी अंगठा वर जायचा आणि चेहरा नाही म्हणायचा, मग त्याला राग यायचा आणि तो स्वतःच्या मांडीवर गुद्दे मारायचा. मी हात धरायचो. "असू दे रे. मला कळलं." नेहमी कळलेलं असायचंच असं नाही.

जून महिन्यातल्या एका दुपारी त्याने माझी बाही ओढली आणि पुढे होऊन मला स्वयंपाकघरात नेलं. चाकं लावलेल्या, आधाराने चालायच्या चौकटीला डाव्या हाताने धरून, लुळा पाय फरफटवत. खुर्चीकडे बोट दाखवलं. मी बसलो. त्याने खणातून कापड काढलं, एका हाताने झटकलं, ते अर्धं माझ्या अंगावर अर्धं जमिनीवर पडलं, आणि म्हणाला, "राइट!"

दुकानातला तो राइट. अगदी तोच.

मी उठायला हवं होतं. पण तीन महिन्यांत त्याच्या चेहऱ्यावर मी तसं काही पाहिलं नव्हतं. डाव्या हातात कात्री, ती उजव्या हाताने चालवायची. चौकटीला पोटाने रेलून तो माझे उरलेसुरले केस कापत होता. कंगवा धरायला दुसरा हात नव्हता, म्हणून कंगवा मी धरला, त्याने कोपराने ढोसलं तिकडे सरकवत गेलो. पाच-दहा मिनिटं छान चाललं. मग त्याचा तोल गेला आणि कात्री माझ्या कानाच्या पाळीत घुसली. फार नाही. पण कान रक्ताच्या बाबतीत उधळा असतो. कापडावर, सदऱ्यावर, जमिनीवर, सगळीकडे लाल.

"काही नाही, काही नाही," मी म्हणत होतो, आणि तो "राइट राइट राइट" करत कापडाने माझा कान दाबत होता. डोळ्यांतून पाणी. नेमकी तेव्हाच संध्याकाळची बाई लवकर आली. तिने दारातून पाहिलं ते असं: मी रक्तबंबाळ, नॉरिसच्या हातात कात्री, आणि तो ओरडतोय.

तिला मी सगळं समजावलं. तिलाही वाईट वाटलं. "पण मला लिहावंच लागतं हो," ती म्हणाली. "कात्री होती. मी नाही लिहिलं आणि उद्या काही झालं तर?" तिचंही चुकलं नाही. माझा कान आठवड्यात बरा झाला. कागदावरचं मात्र पुसलं गेलं नाही.

ऑगस्टमध्ये त्याच्या घरातच बैठक झाली. रोझलिन आली होती, रात्रभर प्रवास करून, डोळे सुजलेले. सरकारकडून मिसेस प्रायर नावाच्या बाई आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. नॉरिसशी बोलताना त्या खाली वाकून, त्याच्या डोळ्यांत बघून बोलायच्या, जे गल्लीतले निम्मे लोक करत नसत.

"मिस्टर बीव्हर, तुम्ही घरी एकट्याने राहणं आता सुरक्षित नाही असं आम्हाला वाटतं. हाउडनच्या रस्त्यावर एक वृद्धाश्रम आहे. तिथे खोली रिकामी आहे. तुम्ही जाल का तिथे?"

"राऽइट," नॉरिस म्हणाला.

खालच्या पट्टीत. लांबवलेला. तो मला पक्का माहीत होता. कानावर फार उडवलेत म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाचा राइट. ऐकलं तुझं, आता ऊठ.

मिसेस प्रायरनी कागदावर काहीतरी लिहिलं. रोझलिनने सुटकेचा श्वास सोडला. मी म्हणालो, "बाई, तो हो नाही म्हणाला."

"म्हणजे?"

"हा त्याचा नाहीवाला राइट आहे."

रोझलिन माझ्याकडे वळली. "काका, प्लीज."

"खरं सांगतोय पोरी. दुकानात हा असाच म्हणायचा, गिऱ्हाइकाला हाकलायचं असलं की. हवं तर अंगठ्याने विचारा त्याला."

मिसेस प्रायरनी पेन खाली ठेवलं. "विचारू या ना. त्यांचा हक्कच आहे तो." आणि नॉरिसकडे वाकून म्हणाल्या, "मिस्टर बीव्हर, आधी सोपं विचारते. हो असेल तर अंगठा वर, नाही तर खाली. तुमचं नाव नॉरिस आहे?"

अंगठा वर. "राइट." मला हायसं वाटलं.

"तुमचं नाव पीटर आहे?"

खोलीत सगळे त्याच्याकडे बघत होते. त्याच्या कपाळावर घाम आला. अंगठा हलला, थोडा खाली गेला, थबकला, आणि वर आला. "राइट," तो म्हणाला. आणि लगेच त्याला कळलं. त्याने मान जोरजोरात हलवली, हात आपटला. "राइट! राइट!"

"सावकाश. घाई नाही. आत्ता हिवाळा आहे का?"

बाहेर ऊन रणरणत होतं. अंगठा वर.

"नॉरिस," मी म्हणालो, "अरे, हळू घे. आपण दोघंच असताना कसं करतो तसं." माझा आवाज मलाच विनवणीसारखा वाटला. त्याने माझ्याकडे पाहिलं. बत्तीस वर्षांत त्याने माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मग त्याने डावा हात मांडीवर पालथा ठेवला आणि पुढच्या एकाही प्रश्नाला उचलला नाही.

मिसेस प्रायर मला म्हणाल्या, "मी तुमच्यावर अविश्वास दाखवत नाही. पण मला त्यांची इच्छा लिहायची आहे. तुम्हाला त्यांची इच्छा काय वाटते, ती लिहून कसं चालेल?"

मार्चमध्ये मीच त्याच्या राइटचा अर्थ 'ठीक आहे' असा लावला होता. त्या दिवशीही मला पक्कं माहीत होतं. हे मी कुणाला बोललो नाही, पण ते डोक्यात आलं आणि माझं तोंड बंद झालं. मी कुटुंबातलाही नव्हतो. आणि रोझलिनने तळहातात तोंड लपवलं होतं. सही तिने केली.

सप्टेंबरमध्ये तो हाउडनला गेला. जागा स्वच्छ होती, खिडकीतून शेतं दिसायची, दुपारी आल्याचा केक मिळायचा. मी मंगळवारी आणि शुक्रवारी बसने जायचो. तिथल्या मुली प्रेमळ होत्या. पण रोज वेगळी मुलगी, आणि प्रत्येकीला नॉरिसचा राइट म्हणजे एक गंमत वाटायची. "राइट, नॉरिस?" दारातूनच हाक मारायच्या, कसा आहेस अशा अर्थाने. तो म्हणायचा "राइट." "बघा, आज स्वारी खुशीत आहे!" आणि पुढच्या खोलीत.

मी त्यांना शिकवायचा प्रयत्न केला. चढा म्हणजे लघवी, वगैरे. एकीने वहीत लिहूनही घेतलं. पुढच्या आठवड्यात तिची बदली दुसऱ्या मजल्यावर झाली. आणि खरं सांगायचं तर नॉरिसचेच सूर बदलत चालले होते. तिथे गेल्यापासून सगळे राइट एकाच पट्टीत यायला लागले. सपाट. मलाही आता ओळखू येईनात.

फेब्रुवारीत त्याने जेवण सोडलं. रात्री कण्हतो असं सांगत होते. मी गेलो तेव्हा एक मुलगी त्याच्या पलंगाशी बसून विचारत होती, "कुठे दुखतंय, बाबा? पोटात?"

"राइट."

"डोक्यात?"

"राइट."

"अरे देवा, सगळीकडेच राइट!" ती हसून त्याच्या गालावर हात फिरवून गेली. मीही कसनुसा हसलो. मी पोट दाबून पाहिलं, पाय पाहिले, डोळे पाहिले. तो माझ्याकडे बघून एकदाच म्हणाला, "राइट." मग तोंड फिरवलं.

दहा दिवसांनी एक डॉक्टर आले. त्यांनी त्याचा सदरा काढायला लावला. उजवा खांदा खोबणीतून निसटला होता. लुळा हात कुणीतरी कपडे घालताना ओढला असेल, किंवा झोपेत अंगाखाली आला असेल. उजवा खांदा. दुखत होता उजवीकडे, आणि कुठे दुखतंय विचारलं की तो बिचारा उजवीकडे असंच सांगत होता. एखादवेळी सांगत असेल, एखादवेळी ती नुसती उचकीही असेल. कर्स्टीला विचारलं असतं तर तिलाही ठामपणे सांगता आलं नसतं. पण मी तिथे उभा होतो, त्याने मला सांगितलं होतं, आणि मी पोट दाबत होतो.

खांदा बसवला. त्यानंतर तो फारसा बोललाच नाही. मी बाजूला बसायचो, वर्तमानपत्र वाचून दाखवायचो. कधी त्याचा डावा हात माझ्या हातात असायचा, कधी नसायचा. निघताना मात्र माझी पंचाईत व्हायची. जन्मभराची सवय, गुडघ्यावर हात आपटला की तोंडातून आपोआप येणार, राइट. मी तो शब्द गिळायचो आणि काही न बोलता उठायचो. त्याला ते बरं वाटायचं की वाईट, हेही मला माहीत नाही.

मेच्या अखेरीस एका गुरुवारी, दुपारच्या जेवणानंतर, तो खुर्चीतच गेला. शेजारी कुणी नव्हतं.

रोझलिन दुसऱ्या दिवशी आली. आम्ही त्याच्या रिकाम्या घरात, खोक्यांच्या मध्ये बसलो. तिने विचारलं, "काका, बाबा कधी बोलले होते का, त्यांना पुरायचं की दहन करायचं? आईच्या थडग्यात दोघांची जागा आहे. पण मला आठवतंय, एकदा ते म्हणाले होते, मला जाळा आणि राख नदीत सोडा, जहाजांच्या मागे मागे समुद्राला जाईन."

"दुकानात म्हणायचा तसं कधीकधी," मी म्हणालो.

"मनापासून, की चेष्टेत?"

मी आठवून पाहिलं. दुकान, आरसा, साबणाचा वास, त्याचा आवाज. वाक्य आठवत होतं. सूर आठवत नव्हता.

"माहीत नाही गं," मी म्हणालो.

"तुम्हीसुद्धा नाही?"

"नाही."

ती बराच वेळ खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडत राहिली. शेवटी एनिडच्या शेजारीच जागा आहे तर तिथेच, असं ठरलं. पुढच्या बुधवारी पाऊस होता. आम्ही अकरा जण होतो. खड्डा अरुंद वाटला, पण खणणारे म्हणाले, मोजून घेतलाय.